समुद्राकडची खोली

चुरी सर पायरीवरच थांबले. टेम्पोतून गठ्ठे उतरवणाऱ्या लाहूकडे त्यांनी पाहिलं नाही. निलमच्या खांद्यावर हात ठेवून ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ही आमची निलम. हिला या लाइनीत मीच आणलं बरं का. नाहीतर आज कुठे तलासरीच्या डोंगरात पाला खुडत बसली असती!"

सगळे हसले. तिचा कारकून दीपेश हसला, परीक्षा विभागातल्या दोघी हसल्या, दोन गठ्ठे डोक्यावर घेतलेला लाहूसुद्धा मान न हलवता हसला. आणि निलमही हसली. तेच तिला नंतर दिवसभर खुपत राहिलं. ती विद्यापीठाची उपकुलसचिव होती, डहाणूचं हे उपकेंद्र तिच्या सहीनं चालत होतं, नरपडच्या रस्त्यावरची ही दुमजली इमारत, तिच्यातली माणसं, खुर्च्या, कुलपं, सगळं तिच्या ताब्यात होतं. तरी सरांचा हात खांद्यावर पडला, आणि तिच्या तोंडावर ते जुनं, विद्यार्थिनीचं हसू आपसूक आलं. गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो तसं. सरांनी वाडीतल्या चिकूंची पिशवी तिच्या हातात दिली. "नरपडचे आहेत, घरचे," म्हणाले. तिनं "थँक्यू सर" म्हटलं. मग ते रिक्षात बसले आणि रिक्षातूनच ओरडले, "नीट सांभाळ गं. आयुष्य आहे माझं त्यात."

त्यांचं आयुष्य वर्तमानपत्रांत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं व्हरांड्यात पडलं होतं. वाळवलेल्या वनस्पती, एकेक जाड कागदावर चिकटवलेली, खाली उजव्या कोपऱ्यात नाव, गाव, आणि प्रत्येकीवर एकच संग्राहक, डॉ. जयवंत चुरी. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा संग्रह उपकेंद्राला दान केला होता. पहिल्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या कोरड्या खोलीत तो लावायचा, दारावर त्यांच्या नावाची पाटी बसवायची, असं वरून ठरून आलं होतं. त्या पाटीचा मजकूरही निलमनंच तयार केला होता, आणि तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. माणूस किती वर्षं काही न वाटता राहू शकतो याचं तिला नवल वाटलं.

"मॅडम, हे वर न्यायचे ना?" लाहूनं विचारलं.

तिनं चिकूंची पिशवी त्याच्या हातात दिली. "हे घरी ने तू. आणि गठ्ठे... थांब जरा."

ती आत जाऊन खुर्चीत बसली. खिडकीबाहेर सुरूची झाडं होती आणि त्यांच्यापलीकडे ओहोटीचा चिखल. पाला खुडत बसली असती. बसली असती, तर काय झालं असतं? बायजी आत्या आयुष्यभर पाला खुडत होती. तलासरीच्या पूर्वेला, जिथं रस्ता सुटतो आणि चढ सुरू होतो, तिथं आत्याच्या मागून चालताना निलम शिकली होती की शेवळं, पावसाच्या तोंडावरची ती रानभाजी, कुठं उगवतात ते जमीन सांगते, डोळे नव्हे. शेवळं तशीच खाल्ली तर घसा खाजून माणूस हैराण होतो. काकडाच्या झाडाची आंबट फळं घालून शिजवावी लागतात. "खाज काढायला यायला पाहिजे," आत्या म्हणायची, "मंग काय पण खाता येतं." ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली तेव्हा पाड्यावर कुणाला तो विषय समजावून सांगावा लागला नव्हता. आत्या एवढंच म्हणाली होती, "म्हणजे आपलंच ना?" आणि निलम चुरी सरांना तिथं घेऊन गेली होती. ते विभागप्रमुख होते, त्यांना पूर्वेकडचे डोंगर ठाऊक नव्हते. दोन पावसाळे ती पुढं, सर मागं, आणि सगळ्यांच्या पुढं आत्या. आत्या दाखवायची, निलम उपटायची, माती झटकून कागदात घालायची, लाकडी जाळ्यांमध्ये दाबून पट्टे आवळायची. सर दगडावर बसून घाम पुसायचे आणि नावं सांगायचे. ती नावं तिला मंत्रासारखी वाटायची. याच डोंगरावर पीएच.डी. करायची, सरांच्या हाताखाली, हे इतकं ठरलेलं होतं की ते कुणी कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

मग विभागाची तपासणी आली. सर म्हणाले, "निलम, एक-दोन महिने ऑफिसात जरा मदत कर. कागदपत्रं लावायचीत. मग तुझं रजिस्ट्रेशन करून टाकू." ती बसली. टंकलेखन, जावक नोंद, तक्ते, तपासणीवाल्यांचा चहा. तपासणी उत्तम झाली. सरांकडची पीएच.डी.ची एकच जागा शिल्लक होती, ती त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली होती, आणि हे तिला कळलं तेही तिनंच टाइप केलेल्या यादीवरून. ती त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहिली. ते जेवत होते. डब्यातून मान वर करून म्हणाले, "अगं, तुझा पिंडच ऑफिसचा आहे. किती छान सांभाळलंस सगळं! जंगलात काय ठेवलंय?" तिनं मान हलवली. त्या दिवशीही ती हसली असावी.

पुढचं सगळं घडत गेलं. हंगामी लिपिक, मग परीक्षा देऊन कायम, मग कक्ष अधिकारी, मग सहायक कुलसचिव, मग उपकुलसचिव. यातलं काहीही तिनं मागितलं नव्हतं. प्रत्येक वेळी पुढचं दार उघडं दिसलं आणि मागचं लागलेलं, म्हणून ती पुढं गेली. प्रशिक्षणवर्गात नवे लोक विचारायचे, "मॅडम, तुम्ही प्रशासनात कशा आलात?" ती म्हणायची, "वाट चुकून." लोकांना ते आवडायचं. आणि खरं सांगायचं तर काम तिला येत होतं. कुठल्या शब्दावर टिपणी अडते, कुठल्या शब्दावर सुटते, हे तिला शेवळांच्या जमिनीसारखं कळायचं. तिच्या काळात तलासरीकडच्या एकाही पोरीचा प्रवेश जातीच्या दाखल्यासाठी अडकला नव्हता. तिला वाटलं होतं, झालं ते बरंच झालं. ते वाटणं खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी इतकी वर्षं कंदासारखं पडून होतं, आणि आज सरांनी भर पायरीवर त्याला पाणी घातलं.

तिनं लाहूला बोलावलं. "वरची खोली उत्तरपत्रिकांना लागेल. गोपनीय आहेत, कुलूप पाहिजे. गठ्ठे खाली ठेव, समुद्राकडच्या खोलीत."

"तिथली खिडकी लागत नाही, मॅडम. कडी तुटलीय."

"माहीत आहे," निलम म्हणाली.

त्या क्षणी तिच्या अंगात एक गार, स्वच्छ लहर गेली. तिथं पुढं काय होणार, हे या इमारतीत फक्त तिलाच माहीत होतं. वाळलेल्या पानाला मरण येतं ते पाण्यानं नाही, दमट हवेनं. खारी, चिकट, समुद्रावरची हवा कागदात शिरते, कागद फुगतो, डिंक सुटतो, बुरशी धरते, आणि मऊ झालेल्या पानावर कसर येते. तिला कुणी विचारलं तर तिनं काय केलं होतं? गठ्ठे एका खोलीऐवजी दुसऱ्या खोलीत ठेवले होते. गुन्हा कळायलाही वनस्पतिशास्त्र यायला लागतं. एवढ्या वर्षांत तिच्या पदवीचा हा पहिला खरा उपयोग होता.

ज्येष्ठातच सर वाडीत घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. अंथरुणावरून त्यांचे फोन यायचे.

"कपाटं आली का गं?"

"प्रस्ताव वर गेलाय, सर."

"डांबरगोळ्या टाकल्यास ना?"

"हो, सर."

गोळ्या सरांनीच गठ्ठ्यांत घालून पाठवल्या होत्या. वासानं लोकांची डोकी दुखतात असं सांगून तिनं त्या काढायला लावल्या होत्या. कपाटांच्या प्रस्तावावर वरून शंका आली. तिनं शंकेचं उत्तर पाठवलं, त्यात मुद्दाम एक शंकेची जागा ठेवली. त्या जागेवर वरून पुन्हा शंका आली. नाही म्हणायचं नसतं हे ती कधीच शिकली होती. नाही म्हटलं की माणूस वरच्याकडे जातो. हो म्हटलं की तो वाट पाहतो. सर वाट पाहत होते. कधी बोलता बोलता त्यांना धाप लागायची आणि ते म्हणायचे, "तू आहेस म्हणून निवांत आहे मी." फोन ठेवल्यावर ती तळहात पदराला पुसायची. दया येते का ते ती आत चाचपून पाहायची. दया यायची, पण ती रागाच्या आड यायची नाही. दोन्ही एकाच घरात नांदायचे, जावा-जावांसारखे.

दुपारी जेवण झालं की ती त्या खोलीत जायची. सुरुवातीला फक्त पाहायला, काम कुठवर आलं ते. वरच्या कागदांच्या कडा लाटेसारख्या उचलल्या होत्या. मग पांढरी बुरशी आली, पिठासारखी, मग हिरवट, मग काळे ठिपके. खोलीला ओल्या गोणपाटाचा वास सुटला. ती सुतळी सोडायची, एक कागद हातात घ्यायची, आणि नकळत आधी कोपऱ्यातलं नाव झाकून पानाकडे पाहायची. चाईचा वेल. कळलावी, तिच्या पानाच्या टोकाचा आकडा अजून तसाच वळलेला. कोळीभाजी. नावं येत होती. आधी आत्याची, मग त्यांच्या मागून ती लांबलचक लॅटिन, दमलेल्या माणसासारखी चढ चढत. एका कागदावर सरांनी कडूकंदाला भलतंच नाव दिलेलं तिला दिसलं आणि तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हसली. "पानाचे देठ बघा, सर," ती रिकाम्या खोलीत म्हणाली. बोट लागताच ते पान कागदावरून सुटलं आणि खाली पडून चुरलं. चूक गेली, आणि चूक दाखवायचा पुरावाही गेला.

मग ती लवकर जेवू लागली. घरून भिंग आणलं. फायली साचत आहेत हे दीपेशनं दोनदा सुचवलं. तिला स्वतःचं नवल वाटत होतं. जे कुणी करू दिलं नव्हतं ते ती आता करत होती, रोज, कुणाच्या परवानगीशिवाय, आणि तेही ते नाहीसं होत असताना. एखादं माणूस मरायला लागल्यावरच त्याच्याजवळ बसायला मिळावं, तसं. रात्री नवरा म्हणायचा, "हाताला कसला वास येतो गं तुझ्या?" ती म्हणायची, "जुन्या कागदांचा." मनिष तलासरीला शाळेत शिक्षक होता, सबंध गोष्ट ऐकून घेतली असती तर तो म्हणाला असता, जाऊ दे. म्हणून तिनं सांगितलीच नाही.

श्रावणात एका दुपारी शेवळांचा कागद हाती आला. जांभळट कणीस वाळून तपकिरी झालेलं, आणि तळाशी अजून चिकटलेली लाल माती. ती माती कुठली हे तिला वाचावं लागलं नाही. त्या दिवशी आत्यानं कंद काठीनं उकरला होता, आणि सरांना दाखवायला हात वर धरला होता, सर म्हणाले होते, "आजीबाईंना सांग, मूळ तोडू नका." आत्या आजी नव्हती तेव्हा. चाळिशीचीच असेल. आता ती नव्हतीच. हा एक कागद पर्समध्ये सहज मावला असता. निलम कितीतरी वेळ तो धरून उभी राहिली. खिडकीतून वारा येत होता, भरती लागली होती. एक वाचवला म्हणजे बाकीचे मारले हे सिद्ध होतं, ती स्वतःला म्हणाली. पण कारण तेवढंच नव्हतं. कोपऱ्यात सरांचं नाव होतं. तो कागद घरी नेला असता तर ते नावही घरी आलं असतं. तिनं तो पुन्हा गठ्ठ्यात ठेवला, अगदी तळाशी, जिथं ओल सगळ्यांत जास्त होती, आणि सुतळी ओढून बांधली.

आश्विनात सर आले. आधी कळवलं नव्हतं. वॉकर टेकत, एका बाजूनं लाहूचा आधार घेत ते त्या खोलीच्या दारापर्यंत पोचले तेव्हा लाहूनं वर निरोप दिला. निलम खाली आली. सर स्टुलावर बसले होते. त्यांनी एक गठ्ठा सोडला होता आणि मांडीवरच्या कागदावर काहीच नव्हतं. नुसता पानाच्या आकाराचा डाग आणि त्यावर चालणारी कसर. आजारानं ते अर्धे झाले होते. तिला वाटलं होतं ते ओरडतील. तिनं त्या ओरडण्यासाठी कितीतरी उत्तरं घासूनपुसून ठेवली होती.

"समुद्राची हवा लागली," ते हळूच म्हणाले. "इथं कुणी ठेवलं?"

"मी."

त्यांनी मान हलवली. मग हात उचलून, थोपटल्यासारखा हवेत हलवला. "जाऊ दे. तुला तरी कसं कळणार म्हणा. तुझा विषय नाही हा."

लाहू दारात उभा होता. निलमनं त्याला सांगितलं, "सरांना पाणी आण." तो गेल्यावर तिनं दार लोटलं. आत्ता गप्प राहिली असती तर ती सुटली असती. क्षमाही मिळाली असती, फुकट. पण असली क्षमा गिळणं तिला जमेना.

"माझाच विषय आहे, सर," ती म्हणाली. "म्हणून तर इथं ठेवले. वर कोरडी खोली होती. ही कडी मी दुरुस्त करू दिली नाही. गोळ्या मी काढायला लावल्या. आधी कडेचे जातात, मग मधले, हे मला माहीत होतं. रोज येऊन बघत होते मी."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे बघायचे तसं नाही. नवखा माणूस पत्ता शोधताना पाहतो तसं. "का?"

"माझं रजिस्ट्रेशन."

"कसलं रजिस्ट्रेशन?"

तिला वाटलं ते सोंग करतायत. मग दिसलं, की नाही. ते खरोखर आठवत होते. कपाळाला आठ्या घालून, मनापासून, म्हातारं माणूस चष्मा शोधतं तसं. "तपासणी होती ती," ते म्हणाले. "हां. तू बसली होतीस ऑफिसात. तुझं अक्षर चांगलं होतं."

"अक्षर?"

"मला कुणीतरी चांगल्या अक्षराचं हवं होतं. बस. आणखी काही नव्हतं त्यात, निलम. तुझ्याविरुद्ध काहीच नव्हतं माझं."

हे तिच्या कुठल्याच उत्तरात बसत नव्हतं. इतकी वर्षं तिनं एक शत्रू जपला होता, त्याला कारणं दिली होती, कधी तिची जात, कधी तिचं गाव, कधी तिची हुशारी त्याला खुपत असल्याची. आणि समोर बसलेल्या माणसाजवळ यातलं काहीही नव्हतं. होतं ते याहून वाईट होतं. पाय ठेवताना खाली काय आलं हे त्यानं पाहिलंच नव्हतं. तिचा राग ओसरला नाही. त्याला आता फक्त तोंड उरलं नाही, आणि तो सगळीकडे पसरला.

"यातलं काही वाचेल का?" सरांनी विचारलं. प्रश्न त्यांनी तिला विचारला होता, आयुष्यात पहिल्यांदा.

"खिडकीपासून लांबचे दोन-तीन गठ्ठे. नीट वाळवले तर."

"मग वाळव ना."

"मला ऑफिसचं काम आहे, सर," निलम म्हणाली, आणि वर गेली.

खिडकीतून तिला अंगण दिसत होतं. लाहू कागद आणून उन्हात पसरत होता आणि सर पायरीवर बसून वॉकरनं जागा दाखवत होते. चुकत होतं. बुरशी लागलेलं पान असं एकदम कडक उन्हात टाकायचं नसतं, तडकतं; सावलीत, वाऱ्याला, कोरड्या कागदाची घडी बदलत बदलत वाळवावं लागतं. सरांना हे तिच्याहून चांगलं ठाऊक होतं, पण ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला ऊनच आठवतं. एकदा ती खुर्चीतून उठलीसुद्धा. मग वाऱ्याची एक झुळूक आली, काही कागद उडून सुरूंकडे गेले, सर उठायला गेले आणि उठता आलं नाही, आणि त्यांनी लाहूला हाक मारली ती इतकी केविलवाणी होती की दीपेश आपली जागा सोडून खाली धावला. निलम बसली. समोरची फाइल उघडली. सुडाला चव असते असं तिनं ऐकलं होतं. तिच्या जिभेला फक्त खाज सुटली होती.

प्रकरण वर गेलं, कारण दान कुलगुरूंनी स्वीकारलेलं होतं. दिवाळीनंतर चौकशीला मुख्य आवारातून डॉ. टिपणीस आले, गोल चेहऱ्याचे, सभ्य, लवकरची गाडी पकडायची घाई असलेले. त्यांनी खोली पाहिली, नाकाला रुमाल लावला, लाहूशी बोलले, नरपडला जाऊन सरांना भेटून आले. निलम वाट पाहत होती. सर सांगतील, ती मनाशी म्हणत होती, आणि मग एकदाचं सगळं मांडावं लागेल. आत्या, डोंगर, ती यादी, सगळं. परत आल्यावर टिपणीस तिच्यासमोर बसले, चहा घेतला, आणि हसून म्हणाले, "काळजी करू नका. चुरी सरांची काही तक्रार नाही. म्हणाले, हवा वाईट, दुसरं काही नाही. मोठा माणूस आहे हो."

निलमच्या कानशिलांत रक्त चढलं. हेही त्यांनी घेतलं. तिनं जपून, जीव लावून, स्वतःचा हात पोळत असतानाही तो मागे न घेता केलेली ही एकच गोष्ट होती, आणि तिच्यावरही सर आपलं नाव घालून मोकळे झाले होते. संग्राहक, डॉ. जयवंत चुरी.

"मी निष्कर्ष असा ठेवतोय," टिपणीस लॅपटॉपकडे बघत वाचू लागले, "'संबंधित अधिकाऱ्यांना वनस्पतिशास्त्राचे ज्ञान नसल्याने नमुने अयोग्य ठिकाणी ठेवले गेले. यात कोणताही हेतू आढळून येत नाही.' चालेल ना? म्हणजे तुमच्यावर काही येत नाही."

दारापलीकडे दीपेशच्या टेबलावरचा पंखा करकरत होता. मनिषचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, मग कायम झाल्याच्या दिवशीचा स्वतःचा. हो म्हणायचं होतं. हो म्हणण्यात तर तिची हयात गेली होती.

"सर, मी एम.एस्सी. आहे," ती म्हणाली. "वनस्पतिशास्त्रात. पहिल्या वर्गात."

टिपणीसांची बोटं थांबली. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मॅडम, हे मी ऐकलं नाही असं समजू या."

"नको. ते वाक्य काढा. मी सांगते तसं घ्या."

"तुम्हाला कळतंय ना, काय होईल ते?"

"कळतंय. घ्या."

आणि ती सांगू लागली. नमुने कुठल्या खोलीत ठेवले, कुणाच्या तोंडी आदेशानं, खिडकीची स्थिती काय होती, दमट हवेचा वाळलेल्या पानांवर कोणत्या क्रमानं परिणाम होतो, कोणत्या वनस्पती गेल्या आणि त्या कुठल्या डोंगरातल्या, कुणी दाखवलेल्या, कुणी गोळा केलेल्या. लॅटिन नावांची अक्षरं तिनं एकेक करून सांगितली. बायजी वरठा हे नाव टिपणीसांनी पुन्हा विचारलं, तेही सांगितलं. शेवटी, ही कृती अधोस्वाक्षरीकर्तीने जाणूनबुजून केली आहे, आणि पूर्णविराम. आवाज कुठं चढला नाही. टिपणीस घामाघूम होऊन टाइप करत होते. कागद छापून आला तेव्हा तिनं सवयीप्रमाणे पेन उघडून तो वरपासून खालपर्यंत तपासला. एकाही ठिकाणी दुरुस्ती करावी लागली नाही.